पाकिटावरून तिकीट कापण्याआधी हे शब्द माहीत करून घ्या

घरातली जुनी ट्रंक उघडली, त्यात आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा निघाला आणि आता आपण तिकिटं जमवायचीच असं मनात आलं असेल तर पहिलं काम एकच, कात्री लांब ठेवा. मी दहा वर्षांचा असताना ती जवळ घेऊनच बसलो होतो. आजोबांना त्यांच्या भावाची पत्रं यायची, त्यातल्या एका पाकिटावर आण्याची दोन तिकिटं आणि शेजारी नव्या पैशांचं, भारताचा नकाशा असलेलं एक तिकीट होतं. मी तिन्ही चौकोनी कापली, पाण्यात टाकली, वहीत चिकटवली आणि पाकीट बंबात गेलं. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान पद्धत आली, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, आणि घरात उरलेली आण्याची तिकिटं लोक नव्या तिकिटांच्या जोडीला लावून संपवायचे. अशी दोन चलनांची तिकिटं एकाच पाकिटावर असली की त्याला मिक्स्ड फ्रँकिंग म्हणतात. हा शब्द मला कळला त्यानंतर पंचवीस वर्षांनी. ती तिन्ही तिकिटं अजून माझ्याकडे आहेत, सुटी, आणि सुटी म्हणून अगदी साधी, कुठल्याही पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतील अशी.

तर शब्द. पाकिटापासूनच सुरू करू.

टपालातून गेलेलं अख्खं पाकीट म्हणजे कव्हर. आत पत्र आहे की नाही याच्याशी संबंध नाही, पण असेल तर काढून टाकू नका, तसंच राहू द्या. पाकिटाचा तिकिटासकट कापलेला तुकडा म्हणजे ऑन पीस, आणि कापायचंच असेल तर निदान शिक्का पूर्ण येईल एवढा मोठा तुकडा ठेवा. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटाच्या कागदावर पडलेला असेल तर तिकीट त्या पाकिटाला टाइड आहे म्हणायचं. हे भिंगाखाली नीट बघायची सवय लावा, काळ्या शाईची गोल रेघ तिकिटाच्या दात्यांवरून उतरून पाकिटावर सलग पुढे जायला हवी, मध्येच तुटली किंवा पाकिटावरची शाई वेगळ्या छटेची दिसली तर कुणीतरी नंतर तिकीट बदललेलं असू शकतं. पाकिटाच्या मागे पोचल्याचा शिक्का असतो, त्याला बॅकस्टॅम्प म्हणतात, पुढची तारीख आणि मागची तारीख मिळून पत्र किती दिवसांत पोचलं ते कळतं, मला तर कधीकधी तिकिटापेक्षा हेच वाचायला जास्त आवडतं. आपल्याकडची म्हातारी माणसं ज्याला नॉटपेड म्हणायची, म्हणजे तिकीट कमी लावलं किंवा लावलंच नाही आणि पोस्टमनने घेणाऱ्याकडून दंडासकट पैसे घेतले, ते पत्र म्हणजे पोस्टेज ड्यू किंवा बेअरिंग कव्हर, त्यावर इंग्रजी टी अक्षराचा शिक्का आणि वसूल करायची रक्कम दिसेल. ही पाकिटं लोक घाणेरडी दिसतात म्हणून टाकून देतात, टाकू नका.

पोस्टकार्ड आणि अंतर्देशीय पत्रावर तिकीट चिकटवलेलं नसतं, छापलेलंच असतं. याला पोस्टल स्टेशनरी म्हणतात आणि यातलं छापील तिकीट कापून काढलं की त्याला जवळजवळ काहीच किंमत उरत नाही, अख्खं ठेवायचं.

अजून एक घोळ सुरुवातीला सगळ्यांचा होतो तो म्हणजे रेव्हेन्यू तिकीट, कोर्ट फी स्टॅम्प हे पण पोस्टाच्या तिकिटांत मिसळले जातात. ती कर भरल्याची तिकिटं, त्यांना फिस्कल म्हणतात, त्यांचा संग्रह वेगळा करतात आणि तो पण फार छान छंद आहे, फक्त वेगळ्या पानावर ठेवा.

आता सुटं तिकीट हातात घेऊ, म्हणजे हातात नाहीच घ्यायचं, चिमट्यात धरायचं. भुवया काढायचा टोकदार चिमटा नको, टोकं चपटी आणि गुळगुळीत असलेला तिकिटांसाठीचा चिमटा मिळतो तो घ्या. बोटांचा घाम आणि तेल कागदाला लागतं आणि ते आज दिसत नाही, दहा वर्षांनी दिसतं.

तिकीट वापरलेलं असेल तर यूज्ड, न वापरलेलं आणि मागचा डिंक जसाच्या तसा असेल तर मिंट. इथे खरी गंमत सुरू होते कारण मिंटमध्ये पण जाती आहेत. एमएनएच म्हणजे मिंट नेव्हर हिंज्ड, म्हणजे मागच्या डिंकाला कधी काही चिकटवलेलंच नाही. हिंज म्हणजे पातळ कागदाची दुमडलेली छोटी पट्टी, पूर्वी तिकीट अल्बममध्ये लावायला हीच वापरायचे, ती काढली की डिंकावर खूण राहते आणि मग ते तिकीट हिंज्ड झालं, भाव खाली. हिंज ओढून काढताना कागदाचा थर निघाला तर तिथे तिकीट पातळ होतं, त्याला थिन म्हणतात, उजेडाकडे धरलं की तेवढा भाग पांढुरका दिसतो. डिंक पूर्ण गेलेला असेल तर नो गम. आणि डिंक गेलेल्या तिकिटाला नवीन डिंक लावून एमएनएच म्हणून विकतात ते रीगम्ड. मला एकदा एका प्रदर्शनात असं तिकीट गळ्यात मारलं गेलं, घरी येऊन भिंगातून कडा बघितली तर दात्यांच्या टोकांना सुटलेले कागदाचे तंतू डिंकाने आखडून कडक झाले होते. आधी डिंक लावून मग भोकं पाडलेल्या तिकिटाचे तंतू मऊ आणि मोकळे असतात, नंतर डिंक फासला की तो भोकांच्या कडेला उतरतो. एवढी एक खूण लक्षात ठेवलीत तरी बरेच पैसे वाचतील.

आपल्याकडे, त्यातून मुंबईत आणि कोकणात, मिंट तिकिटांचा खरा शत्रू पावसाळा आहे. हवेतल्या ओलीने डिंक सैल होतो, तिकीट पानाला चिकटून बसतं, आणि डिंकावर तांबूस तपकिरी डाग पडायला लागतात, याला टोनिंग म्हणतात, इंग्रजी यादीत टोन्ड लिहिलेलं असतं. एकदा पडलेला डाग जात नाही, ब्लीचचे उपाय कुणी सांगितले तर करू नका, कागदाची वाट लागते. जून ते सप्टेंबर स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं खाचांत ठेवायची वही, उभी ठेवा, आडवी एकावर एक रचू नका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि उघडीप पडली की महिन्यातून एकदा पानं पंख्याखाली मोकळी करा. प्लास्टिकच्या साध्या पिशव्यांत तर अजिबात नको, बटर पेपरसारखी ग्लासीनची पाकिटं मिळतात ती वापरा.

यूज्ड तिकीट कागदावरून सोडवायचं तर साध्या गार पाण्यात, तिकिटाची बाजू वर, पंधरा वीस मिनिटं. तिकीट आपोआप सुटून तरंगायला लागेपर्यंत थांबायचं, ओढायचं नाही. मग मागचा चिकटपणा स्वच्छ पाण्यात बोटाने हलकेच काढून कोऱ्या कागदावर पालथं घालायचं, वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते. वाळलं की जाड पुस्तकात दाबून ठेवायचं. लाल किंवा गडद रंगाच्या पाकिटाचा तुकडा बाकीच्यांबरोबर भिजत घालू नका, आमच्या घरी लग्नपत्रिकांच्या पाकिटांनी एक अख्खी बशी गुलाबी करून टाकली होती. हल्लीची स्टिकरसारखी, म्हणजे सेल्फ अ‍ॅडेसिव्ह तिकिटं पाण्यात बऱ्याचदा सुटत नाहीत, ती ऑन पीसच ठेवा. आणि जम्मू काश्मीर संस्थानची सुरुवातीची काही तिकिटं पाण्यात विरघळणाऱ्या रंगांत छापलेली आहेत, त्यामुळे अनोळखी जुनं काही असेल तर पाणी लावायच्या आधी कुणा जाणकाराला दाखवा.

पर्फोरेशन म्हणजे कडेची भोकं. दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात तो आकडा म्हणजे पर्फ. १४ बाय १३½ असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा आडव्या कडेचा, दुसरा उभ्या कडेचा. मोजायला पर्फोरेशन गेज नावाची पट्टी मिळते, तिच्यावरच्या ठिपक्यांच्या रांगेवर तिकिटाची कड सरकवत न्यायची, सगळे ठिपके भोकांत बसले की तो आकडा. कंटाळवाणं वाटतं ना, मलाही वाटायचं. पण महात्मा गांधींचं १५ ऑगस्ट १९४८ चं दहा रुपयांचं तिकीट घ्या. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये असा चारचा संच निघाला, स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात छापला, तिकिटावर नागरीत आणि उर्दूत बापू असं लिहिलंय. यातलं दहा रुपयांचं सगळ्यांना हवं असतं म्हणून त्याच्या नकला भरपूर फिरतात. अस्सल तिकिटाचं पर्फ ११½ आहे. तेव्हा कुणी स्वस्तात दिलं तर आधी गेज लावा, जुळलं नाही तर विषय संपला, जुळलं तरी लगेच पैसे काढू नका, छपाई बघा आणि मोठी रक्कम असेल तर तज्ज्ञाचं प्रमाणपत्र मागा. या चारवर सरकारी वापरासाठी सर्व्हिस असा शब्द छापलेला संच पण आहे, त्यातलं दहा रुपयांचं तर जगातल्या दुर्मिळ तिकिटांत धरतात, ते कुणी मेसेजवर विकायला काढलं तर ते खोटं आहे असंच धरून चाला.

भोकंच नसतील तर इम्पर्फ. भारताची १८५४ ची तिकिटं अशीच होती, कात्रीने कापायची, म्हणून तिथे मार्जिन बघतात, चारही बाजूंनी नक्षीबाहेर थोडा कोरा कागद राहिला असेल तर फोर मार्जिन्स, आणि हे मिळणं अवघड. चार आण्याच्या तिकिटात राणी व्हिक्टोरियाचं डोकं अष्टकोनात आहे, लोकांनी ते अष्टकोनी आकारातच कापून लावलं, त्याला कट टू शेप म्हणतात आणि त्याची किंमत बरीच कमी. भोकं आहेत पण एखादा दाता तुटून आखूड झालाय तर शॉर्ट पर्फ. चित्र चारही कडांच्या बरोबर मध्ये बसलंय का हे सेंटरिंग.

वॉटरमार्क म्हणजे कागद बनतानाच त्यात उमटवलेली खूण, नोटेवर गांधीजी दिसतात तसंच. भारताच्या तिकिटांत हा फार उपयोगी आहे कारण खुणेवरून काळ कळतो, १८६५ पासून हत्तीचं डोकं, १८८० च्या दशकात तारा, नाशिकला छपाई सुरू झाली तेव्हा १९२६ पासून सगळीकडे विखुरलेले तारे, म्हणजे मल्टिपल स्टार्स, आणि स्वातंत्र्यानंतर साधारण १९५८ पासून अशोकस्तंभ. आधी नुसतं उजेडाकडे धरून बघा, बहुतेक वेळा दिसतं. नाही दिसलं तर काळ्या बशीत तिकीट पालथं घालून वर लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब टाकतात, क्षणभर खूण ठळक उठते. पण फोटोग्रॅव्ह्यूर छपाईच्या (ती काय ते पुढे सांगतो) तिकिटांची शाई त्याने फिसकटू शकते आणि खिडकी उघडी, जवळपास आग नाही ही काळजी घ्यावीच लागते. लहान मुलांनी हे करू नये.

छपाईच्या पद्धती चार लक्षात ठेवल्या तरी चालेल. लिथोग्राफी सपाट, बोटाला काही जाणवत नाही. टायपोग्राफीत अक्षराच्या कडेला शाई जरा दाबून बाहेर आल्यासारखी दिसते आणि मागे हलका ठसा येतो. रिसेस किंवा एनग्रेव्ह्ड म्हणजे शाई कागदावर उंच उभी, नख अलगद फिरवलं तर खरखर लागते. फोटोग्रॅव्ह्यूर भिंगाखाली बारीक एकसारख्या ठिपक्यांची दिसते. आपलं नाशिकचं सिक्युरिटी प्रेस १९२५ चं, आणि तिथे फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये छापलेला पहिला संच म्हणजे १ ऑक्टोबर १९५२ चा कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांचा. तो सहज मिळतो, मिळाला तर भिंगाखाली मीरेचं तिकीट बघत बसा जरा वेळ. एम्बॉसिंग म्हणजे कागद दाबून उठवलेली नक्षी, याचं आपलं उदाहरण म्हणजे १ जुलै १८५२ चं सिंध डाक, अर्ध्या आण्याचं गोल तिकीट, बार्टल फ्रियर सिंधचे कमिशनर असताना काढलेलं, आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट.

डेफिनिटिव्ह आणि कमेमोरेटिव्ह. रोजच्या वापराची, वर्षानुवर्षं परत परत छापली जाणारी ती डेफिनिटिव्ह. एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या निमित्ताने एकदाच छापलेली ती कमेमोरेटिव्ह. टिळकांचं १९५६ चं, शिवाजी महाराजांचं १९६१ चं ही कमेमोरेटिव्ह, आणि महर्षी कर्व्यांचं १८ एप्रिल १९५८ चं तर त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाचं, तेव्हा अण्णा स्वतः हयात होते. नवीन माणूस नेहमी कमेमोरेटिव्हच्या मागे लागतो कारण ती रंगीत आणि मोठी असतात, पण शिकायला डेफिनिटिव्हसारखं काही नाही, कारण तेच चित्र वेगळ्या वॉटरमार्कचं, वेगळ्या पर्फचं, वेगळ्या छटेचं निघतं. हे फरक म्हणजे व्हरायटी.

आणि एरर वेगळी. यासाठी १९४९ ची पुरातत्त्व मालिका बघा, तिच्यात तीन पैचा (पै म्हणजे आण्याचा बारावा भाग) अजिंठ्याचा हत्ती आहे, नऊ पैची घारापुरीची त्रिमूर्ती आहे, आणि एक आण्याचा बोधिसत्त्व. बोधिसत्त्वाचं चित्र उलटं छापलं गेलं, आरशात दिसावं तसं, त्यामुळे मूर्तीचा डावा हात पुढे आलेला दिसतो. चूक लक्षात आल्यावर १९५० मध्ये उजवा हात पुढे असलेलं दुरुस्त तिकीट काढलं. ही डिझाइन एरर, म्हणजे चित्र करतानाच चुकलं आणि मग सगळीच तिकिटं तशी छापली गेली, म्हणून ती दुर्मिळ नाही, दोन्ही शेजारी शेजारी लावा फार छान दिसतात. १८५४ चं चार आण्याचं वेगळं प्रकरण, त्यात लाल चौकट आणि निळं डोकं असे दोन रंग वेगवेगळे छापायचे, काही कागद उलटे लागले आणि राणीचं डोकं खाली आलं, ही छपाईतली एरर, इन्व्हर्टेड हेड म्हणून जगप्रसिद्ध. आणि शाईचा फराटा आला, भोकं जरा सरकली, असलं एकेका कागदापुरतं झालेलं म्हणजे फ्रीक. विकणारे फ्रीकला सर्रास एरर म्हणतात आणि तसे पैसे लावतात, तेव्हा हा फरक पाठच करा.

ओव्हरप्रिंट म्हणजे छापून झालेल्या तिकिटावर नंतर छापलेला मजकूर. त्याने किंमत बदलली असेल तर तो सरचार्ज. १९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा जादा कर लागला, नवीन तिकीट तयार व्हायला वेळ होता म्हणून कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर रेफ्युजी रिलीफ असं छापून ते चालवलं, आणि नाशिकचं छापील येईपर्यंत ठिकठिकाणी स्थानिक शिक्के मारून पण चालवलं. त्यामुळे अक्षरांची वळणं, शाईचे रंग सगळे वेगळे मिळतात. त्या वर्षीची पत्रं घरात असतील तर कोपऱ्यातलं ते छोटं तिकीट शोधा आणि पाकीट अख्खं ठेवा, कारण सुट्या तिकिटावर असला शिक्का आज कुणीही मारू शकतो, पण तेव्हाच्या तारखेच्या शिक्क्याने टाइड असेल तर खात्री वाढते. सरचार्जसाठी गोव्याकडे बघा, पोर्तुगीज अमदानीत १९५९ मध्ये तिथलं चलन रुपया टांगा सोडून एस्कुदो सेंताव्हो झालं आणि जुन्या तिकिटांवर नवीन किमती छापल्या. गोव्यात ज्यांचं घर आहे त्यांच्याकडे ही पाकिटं अजून निघतात.

संस्थानांच्या तिकिटांत दोन शब्द आहेत. ग्वाल्हेर, पतियाळा, नाभा, जिंद, चंबा, फरीदकोट यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर आपलं नाव छापून घेतलं, ती कन्व्हेन्शन स्टेट्स. ज्यांनी स्वतःची वेगळी तिकिटं काढली ती फ्यूडेटरी स्टेट्स, आणि यात आपलं भोर आहे. भोरची १८७९ ची तिकिटं हाताने शिक्के मारून केलेली, देशी कागदावर, भोकं नाहीत काही नाही, आणि ती संस्थानच्या हद्दीतच चालायची.

एकत्र जोडलेल्या तिकिटांचे शब्द पटकन सांगतो. दोन जोडलेली म्हणजे पेअर, दोन बाय दोन म्हणजे ब्लॉक ऑफ फोर, वेगवेगळ्या चित्रांची जोडून छापलेली से-टेनंट, एक सुलट एक उलट जोडलेली तेत-बेश. पानाच्या कडेचा कोरा कागद म्हणजे सेल्व्हेज, त्यावरचे रंगीत ठिपके म्हणजे ट्रॅफिक लाइट्स, तो कागद फाडून टाकू नका. एक किंवा मोजकीच तिकिटं असलेलं सुशोभित छोटं पान म्हणजे मिनिएचर शीट, आपल्याकडे हे १९७३ च्या इंडिपेक्स या तिकीट प्रदर्शनापासून.

शिक्क्याला कॅन्सलेशन म्हणतात. नवीन तिकीट निघतं त्या दिवशीचं खास पाकीट म्हणजे एफडीसी, फर्स्ट डे कव्हर, त्यावर प्रथम दिवस आवरण असं छापलेलं असतं, सोबत माहितीचं ब्रोशर मिळतं. गावोगावच्या काही पोस्टात तिथल्या देवळाचा किंवा किल्ल्याचा चित्राचा शिक्का रोज मिळतो, त्याला पीपीसी म्हणजे पर्मनंट पिक्टोरियल कॅन्सलेशन म्हणतात, फिरायला गेलात तर एक पोस्टकार्ड खिशात ठेवा आणि पोस्टमास्तरांना विनंती करा, फार प्रेमाने मारून देतात. सीटीओ म्हणजे कॅन्सल्ड टू ऑर्डर, पत्राला न लावताच छापखान्यात किंवा पोस्टात शिक्का मारून संग्राहकांना विकलेली. लहानपणी स्टेशनरीच्या दुकानात पारदर्शक पाकिटातून मिळणारी त्रिकोणी मॅग्यार पोश्ता आठवतायत का, हंगेरीची, कोपऱ्यात अगदी नीट पाव शिक्का आणि मागे डिंक शाबूत, त्यातली बरीचशी तीच. त्यांची किंमत काही नाही पण माझा छंद त्यांच्यामुळेच सुरू झाला म्हणून मी ती अजून वेगळ्या वहीत ठेवलीयत.

आता विकणाऱ्याच्या यादीतली ओळ वाचून बघू. समजा लिहिलंय, १९४९ नऊ पै त्रिमूर्ती, ब्लॉक ऑफ फोर, एमएनएच, लाइट टोनिंग, वन शॉर्ट पर्फ, कॅट व्हॅल्यू अमुक. म्हणजे घारापुरीच्या त्रिमूर्तीची चार जोडलेली न वापरलेली तिकिटं, डिंक मूळचा आणि हिंज कधी न लागलेला, पण डिंकावर डाग पडायला सुरुवात झालीय आणि एक दाता आखूड आहे. कॅट व्हॅल्यू म्हणजे स्टॅनली गिबन्ससारख्या कॅटलॉगमधला छापील आकडा, तो चांगल्या स्थितीतल्या तिकिटाचा असतो, त्यामुळे डाग आणि आखूड दाता असताना त्याच्या जवळपास पण जायचं नाही. विकणाऱ्याला मागच्या बाजूचा फोटो मागा, दिवसाच्या उजेडात काढलेला, आणि आखूड दाता चारातल्या कुठल्या तिकिटाचा आहे ते विचारा, कारण बाहेरच्या कोपऱ्याचा असेल तर चालवून घेता येतं, मधल्या जोडाजवळचा असेल तर भोकांच्या रेषेवर ब्लॉक उसवायला लागलाय का ते बघायला हवं.